आठवण ठेवणारा पडदा : प्लाझ्मा टीव्ही, काळ्या पट्ट्या आणि चित्राचा आकार

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे जास्तीचं 'म्हणजे, म्हणजे' झालं ते कापलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

सुरुवातीला एक छोटं काम देते. तुमच्या फोनला तीन-चार वर्षं झाली असतील आणि त्याचा पडदा ओएलईडी किंवा अमोलेड असेल, तर एक कोरं राखाडी चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा. ब्राइटनेस वाढवा. आता अगदी वर बघा, जिथे घड्याळ आणि बॅटरी असते. मग खाली बघा, जिथे कीबोर्ड उघडतो. काही जणांना तिथे पुसट खुणा दिसतील. अक्षरं वाचता येणार नाहीत, पण इथे रोज काहीतरी उभं असतं एवढं कळेल. नाही दिसलं तर उत्तमच. दिसलं, तर त्याला 'बर्न-इन' म्हणतात. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे त्या यंत्राची बदनामी याच दोषापायी झाली. ते यंत्र म्हणजे प्लाझ्मा टीव्ही.

तुमच्यातल्या अनेकांनी प्लाझ्मा बघितलाही नसेल. म्हणून थेट मुळापासून सुरू करू.

साल १९६४, अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ. तिथे 'प्लेटो' नावाचा प्रकल्प चालू होता. कल्पना अशी की विद्यार्थ्याने कॉम्प्युटरसमोर बसून शिकायचं. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण तेव्हा कॉम्प्युटर खोलीभर असायचा आणि त्याची मेमरी सोन्याच्या भावाची होती. अडचण पडद्याची होती. तेव्हाचा पडदा म्हणजे पिक्चर ट्यूब, आपला डबा टीव्ही असायचा तशी. पिक्चर ट्यूबला काहीच लक्षात राहत नाही. चित्र दाखवलं की क्षणात विझतं, म्हणून ते सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा काढावं लागतं. पुन्हा काढायचं तर ते कुठेतरी साठवून ठेवायला हवं, आणि साठवायचं तर मेमरी हवी. एका विद्यार्थ्यापुरतं जमेल. शेकडो विद्यार्थ्यांना एकेक पडदा द्यायचा तर दिवाळंच निघेल.

डोनाल्ड बिट्झर, जीन स्लोटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी वेगळाच विचार केला. पडद्यालाच आठवण दिली तर? दोन काचा घ्यायच्या, मध्ये थोडा वायू भरायचा. एका काचेवर उभ्या तारा, दुसरीवर आडव्या. जिथे दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे एक ठिपका. पुरेसा विजेचा झटका दिला की तिथला वायू पेटतो आणि काचेच्या आतल्या बाजूला थोडा विद्युतभार चिकटून राहतो. मग सगळ्या पडद्याला बेताचा दाब चालू ठेवला, की चिकटलेल्या भाराच्या जोरावर पेटलेले ठिपके पेटलेलेच राहतात आणि विझलेले विझलेलेच. पुन्हा पुन्हा चित्र काढायची गरज नाही, वेगळी मेमरीही नको. लिहिलंत की राहिलं, अगदी पाटीवर लिहावं तसं.

पुढे १९७२ च्या सुमारास 'प्लेटो ४' ची टर्मिनल्स आली. नारिंगी रंगाचे पडदे, आडवे ५१२ ठिपके आणि उभेही ५१२. म्हणजे चक्क चौरस! वर बोट लावून उत्तर देता यायचं, म्हणजे टचस्क्रीनही होता. हा चौरस आकार लक्षात ठेवा. या पडद्यासाठी लागणारं सगळं त्याच मापात बनायचं, त्यामुळे 'चित्र बसत नाही' ही तक्रारच नव्हती. आणि नारिंगी प्रकाश थेट निऑन वायूचा होता, दुकानांच्या जुन्या निऑन पाट्यांसारखा. रंगासाठी मध्ये दुसरा कुठला लेप नव्हता.

गडबड सुरू झाली ती रंगापासून.

रंगीत प्लाझ्मा समजून घ्यायला घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा. आत वायू असतो, तो अतिनील किरण सोडतो. ते किरण आपल्याला दिसत नाहीत. काचेच्या आतून पांढरा लेप असतो, फॉस्फर म्हणतात त्याला. किरण लेपावर आपटतात आणि लेप उजळतो. रंगीत प्लाझ्मा म्हणजे अशा लाखो सूक्ष्म ट्यूबलाइटी, प्रत्येक ठिपक्यात तीन : लाल, हिरवी, निळी. जपानमध्ये फुजित्सु कंपनीत त्सुताए शिनोदा यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९२ मध्ये २१ इंची रंगीत पडदा आला. मग ४२ इंची. १९९७ मध्ये फिलिप्सचा ४२ इंची टीव्ही अमेरिकेत विकायला आला तेव्हा किंमत होती १४,९९९ डॉलर. त्या काळात तेवढ्यात तिथे बरी मोटार यायची.

आता ट्यूबलाइटचा लेप कायम सारखा राहतो का? नाही. वापराने मंद होत जातो. प्लाझ्माचंही तेच, त्यात निळा लेप सगळ्यात आधी थकायचा. सगळा पडदा सारखाच मंद झाला असता तर कोणाला कळलंही नसतं. मंद होणं खटकत नाही, कमी-जास्त मंद होणं खटकतं. जुन्या वाड्याचा दगडी जिना बघा. पायरी मधोमध खोलगट झालेली असते, कडेला नवी कोरी. लोक कुठून चालत होते ते पायरी सांगते. प्लाझ्माचा पडदाही तसाच, काय काय दाखवलंय ते सांगणारा.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण लोक दोन्ही गोष्टी एकाच नावाने बोलवायचे. पहिली गोष्ट तात्पुरती. एखादा लोगो तासभर स्थिर राहिला, चॅनल बदललं, तरी त्याचं भूत थोडा वेळ तिथेच रेंगाळतं. इंग्रजीत याला 'इमेज रिटेन्शन' म्हणतात. हलती चित्रं चालू ठेवली की काही वेळात जातं. दुसरी गोष्ट कायमची, म्हणजे तो लेपच झिजतो, आणि झिजलेला लेप परत येत नाही. खरं बर्न-इन ते. नव्या टीव्हीत पहिले काही आठवडे जास्त नाजूक, कारण ताजा लेप सुरुवातीलाच भराभर बदलतो. म्हणून तेव्हा जाणकार सांगायचे : पहिले शंभर-दोनशे तास कॉन्ट्रास्ट कमी ठेवा, स्थिर चित्र टाळा, आणि काळ्या पट्ट्या तर लावूच नका.

काळ्या पट्ट्या! या कुठून आल्या? त्यासाठी चित्राच्या आकाराची गोष्ट सांगायला हवी, आणि ती प्लाझ्मापेक्षा खूप जुनी आहे.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन या माणसाने ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली आणि प्रत्येक चित्राला कडेची चार भोकं एवढी उंची दिली. त्यातून रुंदी-उंचीचं प्रमाण निघालं ४:३. यामागे फार मोठं सौंदर्यशास्त्र शोधू नका. चार भोकं सोयीची होती, एवढंच. सिनेमा त्याच आकारात वाढला. मग १९४१ मध्ये अमेरिकेत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा टीव्हीनेही ४:३ च घेतलं.

टीव्ही घरोघरी गेला आणि थिएटरं ओस पडायला लागली, तेव्हा हॉलिवूडने ठरवलं की घरच्या डब्यात मावणार नाही असं काहीतरी दाखवायचं. १९५२ मध्ये सिनेरामा आला, १९५३ मध्ये 'द रोब' हा सिनेमास्कोप चित्रपट. पडदा एकदम लांबरुंद झाला, उंचीच्या अडीचपट. आपल्याकडे गुरुदत्तने 'कागज़ के फूल' सिनेमास्कोपमध्ये केला, भारतातला पहिला. साल १९५९. आणि गंमत बघा, त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरदर्शनचं प्रसारण सुरू झालं, अर्थातच ४:३ मध्ये. एकाच वर्षी आपला सिनेमा रुंद व्हायला लागला आणि आपला टीव्ही चौकोनी डब्यात जन्माला आला. पुढे मुंबईत १९७२ ला टीव्ही आला, १९८२ ला रंग आला, पण आकार तोच. टीव्हीवर सिनेमास्कोप दाखवायचा तर दोनच मार्ग. एकतर दोन्ही बाजू कापायच्या, नाहीतर वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवायच्या. बहुतेक वेळा बाजू कापायचे. दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना उभी राहून भांडतायत आणि घरी आपल्याला दिसतंय मधलं फुलपात्र!

१९८० च्या दशकात हाय-डेफिनिशन टीव्हीची तयारी चालली होती. नवा आकार कोणता ठेवायचा? कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एक साधा प्रयोग केला. वापरात असलेल्या आकारांचे, सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढले आणि एकमेकांवर मधोमध ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांना सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण जवळपास एकच निघालं, १.७८. म्हणजेच १६:९.

गणित सुंदर आहे. पण याचा अर्थ काय होतो ते बघा. १६:९ हा मधला आकार, तडजोडीचा. जुना ४:३ कार्यक्रम त्यावर लावला तर पडद्याचा बरोबर पाऊण भाग भरतो, डावी-उजवीकडे साडेबारा-साडेबारा टक्के काळं. सिनेमास्कोप लावला तरी साधारण पाव पडदा काळा, फक्त वर-खाली. दोघांवर सारखाच अन्याय. जुन्या कुठल्याच चित्राला तो आकार नेमका बसत नव्हता, आणि नेमकं बसणारं नवं चित्र भारतात यायला अजून वर्षं होती. हा पडदा प्लाझ्माचा असेल तर? मधला पाऊण भाग रोज जळतोय, कडेचा पाव भाग आराम करतोय. वर्षभराने पूर्ण पडद्यावर पांढरं काही आलं की कडेला दोन उजळ खांब उभे.

आता आपल्याकडे येऊ. २००७ मध्ये मराठीत २४ तास बातम्या आल्या, 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा'. २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत'. त्याच वर्षी आयपीएल सुरू झालं. कोपऱ्यात लोगो, खाली लाल पट्टी, तिच्याखाली धावती पट्टी, मॅचमध्ये धावफलक. आणि हे सगळं ४:३ मध्ये. दुकानात मात्र रुंद पडदे मांडलेले. म्हणजे स्थिर चिन्हं कधी नव्हती इतकी वाढली, नेमकी तेव्हाच आपण स्थिर चिन्हांना घाबरणारा टीव्ही घरी आणत होतो.

आमच्या काकांनी २००९ मध्ये ४२ इंची प्लाझ्मा घेतला. निवृत्तीनंतर पीएफचे पैसे हातात आले होते, त्यातला हा एकच शौक. कंपनीचं नाव घेत नाही. काकूंचा हिशेब सोपा होता, "याच्यात एक स्कूटर आली असती." काकांनी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. बर्न-इन वॉरंटीत बसत नाही, हे वाक्य त्यांना शेवटून दुसऱ्या पानावर सापडलं, टीव्ही भिंतीवर लागल्यानंतर. दुकानात कोणी बोललं नव्हतं.

तेव्हापासून घरात नियम आले. बातम्या अर्ध्या तासाच्या वर नाहीत. जाहिरातीत चॅनल बदलायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, काळ्या पट्ट्या नाहीत. चित्र कायम ताणून पूर्ण पडद्यावर. रिमोटवर त्यासाठी बटणच होतं. एका मोडमध्ये सगळं सारखं ताणलं जायचं. दुसऱ्यात मधला भाग जवळपास जसाच्या तसा आणि कडा मात्र जास्त ताणलेल्या, त्यामुळे माणूस चालत कडेला गेला की जाड व्हायचा आणि मध्ये आला की पुन्हा बारीक.

आजी संध्याकाळच्या मालिका बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने विचारलं, "अरे, ही सगळी माणसं अशी चपटी का झाली?"

"आई, तसंच ठेवावं लागतं. नाहीतर पडद्यावर डाग पडतो."

"पडू दे की. मला सुनेचं तोंड नीट दिसत नाही."

"डाग पडला तर पुसता येत नाही गं."

"मग असला टीव्ही आणलास कशाला?"

काकांकडे याला उत्तर नव्हतं. शेवटी जुना २१ इंची डबा आजीच्या खोलीत गेला आणि आजी पुन्हा सुखी झाली. बाहेरच्या खोलीत काका ताणलेल्या बातम्या बघत बसायचे, एकटे. मला अजून वाटतं की त्या टीव्हीने आमच्या घराचा संध्याकाळचा एक तास दोन खोल्यांत वाटला.

आणि इतकं करूनही लोगो उमटलाच. दीडेक वर्षाने क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर वरच्या कोपऱ्यात एका न्यूज चॅनलचा पुसट चौकोन दिसायला लागला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मेनूमधून एक पांढरी पट्टी सुरू केली, ती डावीकडून उजवीकडे पडदा पुसल्यासारखी फिरत राहते. रात्रभर चालू ठेवली. भूत फिकं झालं, गेलं नाही.

पट्ट्यांवर कंपन्यांकडे उपाय नव्हते असं नाही. त्यातला मला आवडलेला उपाय म्हणजे राखाडी पट्ट्या. कडेला काळ्याऐवजी राखाडी रंग ठेवायचा, म्हणजे कडेचे ठिपकेही रोज थोडे जळत राहतात आणि झीज सारखी होते. दिसायला भयंकर, पण विचार पक्का. दुसरा उपाय, सगळं चित्र काही मिनिटांनी एखाद-दोन ठिपके सरकवायचं. डोळ्याला कळत नाही, पण लोगोची कड एकाच जागी राहत नाही. केबलवाल्यांनी मात्र गोंधळ वाढवला. रुंद सिनेमा ४:३ मध्ये वर-खाली पट्ट्या घालून पाठवायचे. तो १६:९ पडद्यावर आला की डावी-उजवीकडे आणखी पट्ट्या. चारी बाजूंनी काळं आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढा सिनेमा.

मग २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि दूरदर्शनने त्या एचडीमध्ये दाखवल्या. त्यानंतर हळूहळू १६:९ मध्येच बनलेले कार्यक्रम आले. चित्र आणि पडदा एकाच मापाचे झाले. पट्ट्या गेल्या, ताणणं गेलं. प्लाझ्माचे शेवटी शेवटी आलेले पडदे बर्न-इनला बरेच दाद न देणारे होते, आणि काळा रंग असा गडद की आजही जुने शौकीन पायोनियरच्या 'कुरो' मालिकेबद्दल हळवे होऊन बोलतात.

पण तोवर खेळ संपत आला होता. पायोनियरने २००९ मध्येच टीव्हीतून बाहेर पडायचं जाहीर केलं. पॅनासॉनिकने २०१३ च्या शेवटी प्लाझ्मा बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये. कारणं बरीच होती. एलसीडी स्वस्त झाला, वीज कमी खायचा, दुकानाच्या झगमगाटात जास्त उजळ दिसायचा, आणि ४के चे बारीक ठिपके प्लाझ्मात बनवणं महाग पडत होतं. पण दुकानातला विक्रेता गिऱ्हाइकाला हे सगळं सांगत बसायचा नाही. तो एवढंच म्हणायचा, "साहेब, प्लाझ्मा नको, डाग पडतो." माझं मत असं, की त्या डागांपैकी लोगोचे डाग प्लाझ्माच्या माथी मारा, पण पट्ट्यांचे नाही. पट्ट्या हा दोन आकारांच्या संक्रमणाचा दोष होता. त्या मधल्या दहा-पंधरा वर्षांत रुंद पडद्यावर जे यंत्र असतं त्याला तो भोगावाच लागला असता. फक्त प्लाझ्मा तो लपवू शकत नव्हता, कारण त्याचा पडदा वापराच्या खुणा धरून ठेवायचा. बिट्झर मंडळींनी पडद्याला दिलेली आठवण वेगळी, ती विद्युतभाराची. लेपाची आठवण कोणी मागितली नव्हती. त्या तिघांना प्लाझ्मासाठी २००२ मध्ये तंत्रज्ञानाचा एमी पुरस्कार मिळाला, नेमका प्लाझ्मा सगळ्यात महागडा आणि मिरवायचा टीव्ही होता त्या काळात.

पट्ट्यांची भीती गेली, पण पडदा भरून टाकायची सवय मात्र राहिली. २०१९ ला डिस्ने प्लसने 'द सिम्पसन्स'चे जुने ४:३ भाग वर-खाली कापून १६:९ मध्ये टाकले. विनोदच कापले गेले म्हणून लोक चिडले, आणि २०२० मध्ये मूळ आकाराचा पर्याय द्यावा लागला. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'साइनफेल्ड' आलं, त्यात रस्त्यावरच्या खड्ड्यावर बेतलेल्या एका भागातून खड्डाच फ्रेमबाहेर गेला. इथे वाचवायला कुठला प्लाझ्मा नव्हता. नुसती रिकाम्या जागेची अस्वस्थता.

आणि आता तुमच्या हातातला पडदा. २०१७ पर्यंत बहुतेक फोन १६:९ होते, म्हणजे व्हिडिओ आणि फोन एका मापाचे. त्या वर्षी सॅमसंगचा एस ८ आला १८.५:९ चा, आयफोन एक्स आला १९.५:९ चा. पुन्हा आकार बदलला, पुन्हा पट्ट्या आल्या, आणि त्याच सुमारास ओएलईडी सर्वत्र पसरला. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः जळतो आणि स्वतः झिजतो, आणि इथेही निळाच आधी थकतो. फोन आडवा धरून यूट्यूब बघताना दोन बोटांनी चित्र मोठं करता ना, ते काकांच्या रिमोटवरचं बटणच आहे, फक्त ताणण्याऐवजी कापणारं. लॉक स्क्रीनवर कायम दिसणारं घड्याळ मधूनमधून थोडं सरकतं, तेही प्लाझ्मातून आलेलं.

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं, पट्ट्या ठेवायच्या की झूम करायचं? माझं उत्तर, पट्ट्या ठेवा. दिवसातून तास-दोन तास व्हिडिओ बघून फोनच्या कडा वेगळ्या दिसायला लागायच्या आधी तुमची बॅटरी दम तोडेल. खरी काळजी तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या गोष्टींची घ्या. गाडीत पूर्ण ब्राइटनेसवर दिवसभर चालणारा नकाशा, नाहीतर दिवसभर एकच गेम. ब्राइटनेस थोडा उतरवा, डार्क मोड लावा, झालं.

राखाडी चित्रावर काय दिसलं ते कॉमेंटमध्ये नक्की सांगा, फोन किती वर्षांचा आहे तेही लिहा. पुढच्या भागात पिक्चर ट्यूबवरचे डाग आणि स्क्रीनसेव्हरचा जन्म, उडणाऱ्या टोस्टरांसकट. भेटू.